काड्या उभ्याच होत्या

पिल्लाचं वजन करायचं तर आधी खांद्यापर्यंत हात बिळात घालावा लागतो. पोटावर आडवं पडायचं, गाल गवताला टेकवायचा, डोळे मिटून घ्यायचे, कारण उघडे ठेवून उपयोग नसतो, आणि बोटांनी चाचपत पुढे जायचं. आधी ओली माती लागते, मग मुळं, मग एक वळण. वळणापलीकडे वाळक्या गवताची गादी आणि तिच्यावर ते. पिल्लू मागे सरकतं, चावतं, आणि अगदीच नाइलाज झाला की पोटातलं माशाचं तेल ओकतं. त्या तेलाचा वास साबणाने जात नाही. माझी मोठी जाऊ म्हणते, तुझ्या आधी तुझा वास घरात येतो.

हे काम मी अकरा वर्षं केलं. नवरा बरोबर असायचा. आम्ही एका वर्गात शिकलो, एकाच संस्थेत लागलो आणि कामाची वाटणी पहिल्याच हंगामात ठरून गेली. माझे हात बारीक आणि लांब, म्हणून बिळात हात मी घालायचे. त्याचं अक्षर मोत्याच्या दाण्यासारखं, म्हणून वही त्याची. मी आकडा सांगायचे, तो आकडा परत म्हणायचा आणि मगच लिहायचा. भांडण झालेलं असलं तरी आकडा परत म्हणायचा.

बेट म्हणजे समुद्रातून वर आलेला खडक, माथ्यावर गवत. दीपगृहाच्या रखवालदारासाठी कधीकाळी बांधलेल्या दोन दगडी खोल्या होत्या. दीपगृह आपोआप चालायला लागलं तेव्हापासून त्या आमच्या. एका खोलीत झोपायचं, दुसरीत स्टोव्ह, टेबल, वजनकाटे, पट्ट्या. दर आठ दिवसांनी बोट यायची, पाणी आणि शिधा उतरवायची आणि जायची. दहा वर्षांची मुलगी जावेकडे असायची. रोज चार वाजता नवरा सॅटेलाइट फोनवरून तिच्याशी बोलायचा. एकदा जाऊ त्याला म्हणाली, "पाखरांची वजनं करता, पोरीचं कधी केलंत का?" तो दिवसभर ते वाक्य मला ऐकवत हसत होता.

पश्चिमेच्या उतारावर बासष्ट बिळं होती. प्रत्येकाच्या तोंडाशी एक चपटा दगड, त्यावर पांढऱ्या रंगाने नंबर. पक्षी कबुतराएवढा, काळा. शास्त्रीय नाव लांबलचक आहे. आम्ही काळू म्हणायचो. दिवसभर तो समुद्रावर असतो. अंधार पडला की बिळात येऊन पिल्लाला भरवतो आणि उजाडायच्या आत निघून जातो. तो आला की नाही हे कळायला एक सोपी युक्ती आहे. संध्याकाळी बिळाच्या तोंडाशी आगपेटीतल्या काडीएवढ्या पाच काड्या ओळीत उभ्या रोवायच्या. पक्षी शिरला की काड्या पडतात. सकाळी काड्या उभ्या दिसल्या तर समजायचं, पिल्लू उपाशी आहे.

त्या वर्षी बऱ्याच बिळांपुढच्या काड्या उभ्या राहायला लागल्या.

समुद्रातला मासा कुठे गेला होता कोण जाणे. काळू रिकाम्या पोटी यायचे, मग येईनासे झाले. आम्ही दर तिसऱ्या दिवशी सगळी बिळं करायचो आणि दर वेळी आकडे खाली यायचे. एकशे तीस ग्रॅमचं पिल्लू एकशे दहावर, मग नव्वदवर. पिल्लू हातात घेतलं की छातीचं हाड सुरीसारखं लागायचं. भरवायला परवानगी नसते. मोजायचं आणि परत ठेवायचं, एवढंच आमचं काम. पाचव्या आठवड्यापर्यंत एकवीस पिल्लं मेली. नवरा त्यांच्या नंबरांपुढे बारीक फुली मारायचा आणि फुलीवर पेन जरा जास्तच वेळ टेकलेलं असायचं.

सत्तावीस नंबरच्या पिल्लाचं वजन मात्र वाढलं.

"एकशे त्रेचाळीस," मी म्हणाले.

"एकशे त्रेचाळीस. मागच्या वेळी एकशे सोळा होतं." त्याने वही माझ्यापुढे धरली. "आणि इथे मी लिहिलंय, काड्या तीनही रात्री उभ्या."

"बघताना चुकलास."

"किंवा तू नीट रोवल्या नसशील."

"मग आज तू रोव."

त्याने रोवल्या. पाच नाही, नऊ. मधे करंगळी जाणार नाही अशा. तीन सकाळी आम्ही दोघांनी जाऊन पाहिल्या. नऊच्या नऊ उभ्या. तिसऱ्या दिवशी पिल्लाचं वजन एकशे एकाहत्तर भरलं.

काट्यात दोष असेल म्हणून आम्ही काटा बदलला. बिळाला मागून दुसरं तोंड असेल म्हणून उतार हात हात चाचपला; नव्हतं. नवऱ्याने आत पोलादी टेप सरकवला. ब्याऐंशी सेंटिमीटरवर माती. म्हणजे घरट्यामागे जेमतेम वीतभर जागा.

एक गोष्ट मी त्याला सांगितली नव्हती. सत्तावीसमध्ये मला पिल्लू शोधावं लागत नव्हतं. मी वळणापाशी हात उताणा केला की ते हातावर असायचं. पहिल्यांदा वाटलं, स्वतःहून चढलं, एखादं असतं धीट. दुसऱ्यांदा लक्ष देऊन पाहिलं. पिल्लू चढत नव्हतं. चढणारं पिल्लू आधी चोच लावतं, मग पाय लावतं, नखं टोचतात. हे वरून येत होतं. आधी पोटाची ऊब, मग सगळं वजन एकदम. अंगावरचं बाळ दुसऱ्या बाईच्या हातात देताना आपण कसं देतो, तिचे हात नीट खाली आलेत याची खात्री झाल्यावरच सोडतो, तसं.

परत ठेवतानाही तेच. हात गादीपर्यंत पोचायच्या आधी तळव्यावरचं वजन उचललं जायचं.

मी शास्त्र शिकलेली बाई आहे. मी स्वतःला सांगितलं की दिवसभर पालथं पडून हात बधिर होतो, बधिर हाताला काहीही भास होतो. पुढच्या फेरीत मी सत्तावीस नंबर सकाळी सर्वांत आधी केला, हात ताजा असताना.

पिल्लू हातावर आलं नाही. हात उताणा करून मी थांबले. मग माझ्या मधल्या बोटाच्या टोकाला काहीतरी लागलं आणि तिथून मनगटापर्यंत सरळ, सावकाश, जराही दाब न देता फिरत गेलं. थांबलं. मग तळव्याची रुंदी. मग एकेक बोट, मुळापासून टोकापर्यंत, अंगठा सर्वांत शेवटी.

हे फिरणं मी ओळखलं. पिल्लाचा पंख मी असाच मोजते.

मग पिल्लू हातावर आलं.

"काय झालं?" नवऱ्याने विचारलं. "इतका वेळ?"

"चावलं."

"दाखव."

मी हात दाखवला. त्यावर काहीच नव्हतं. तो माझ्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, "आकडा सांग."

"दोनशे चार."

"दोनशे चार," तो म्हणाला आणि लिहिलं.

दुपारी मी त्याला सगळं सांगितलं. तो हसला नाही, हे मला आवडलं नाही. त्याने बाह्या सारल्या आणि स्वतः हात घालून पाहिला, पण त्याचा दंड वळणाशी अडकला. मग त्याने कॅमेरा काढला. बोटभर जाडीच्या वायरच्या टोकाला भिंग आणि दिवा, बाहेर हाताएवढा पडदा. मेलेलं पिल्लू हात न घालता ओळखायला आम्ही तो वापरायचो. पडद्यावर घरटं दिसलं. मागे माती, वर माती, मुळं. मधोमध पिल्लू, गुबगुबीत, एकटं.

"बघ. काही नाहीये," तो म्हणाला.

काहीच नव्हतं. पण दिव्याचा एवढा उजेड तोंडावर पडूनही पिल्लू कॅमेऱ्याकडे बघत नव्हतं. मान वर करून ते घरट्याच्या छताकडे, एका ठरावीक जागेकडे बघत होतं. मधेच त्याने चोच उघडली, भूक लागलेलं पिल्लू आईपुढे उघडतं तशी. जरा वेळाने मिटली आणि गिळलं.

नवऱ्याने पडदा बंद केला. "सत्तावीस आता करायचं नाही," तो म्हणाला. "वहीत काय लिहायचं ते माझ्यावर सोड."

मी बरं म्हणाले. खरोखर तसंच करायचं मनात होतं.

पण शेजारीच सव्वीस नंबर होता. त्याचं पिल्लू मागच्या फेरीत एक्क्याऐंशी ग्रॅम होतं, आता बासष्ट. मान धरत नव्हतं. चार वाजले होते, नवरा फोनसाठी खोल्यांकडे गेला होता. मी उतारावर ते पिल्लू कापडी पिशवीत घेऊन बसले होते आणि पिशवी हलायची थांबते का बघत होते. अकरा वर्षांत मी असं कधी बसले नव्हते. मोजायचं, ठेवायचं, पुढचा नंबर. त्या दिवशी ठेववेना. एकवीस फुल्या झाल्या होत्या, ही बाविसावी. आणि हातभर अंतरावर एक पिल्लू पोट भरून बसलं होतं.

मी सत्तावीसपुढे आडवी झाले आणि उजवा हात आत घातला.

वळणापलीकडे मी हात उताणा केला नाही. तसाच पालथा ठेवला. का, ते सांगता येणार नाही.

माझ्या हाताखाली एक हात आला.

उताणा. उघडा. माझ्या तळव्याला त्याचा तळवा लागला, बोटांना बोटं. गार असता तर एक वेळ चाललं असतं. तो ऊबदार होता. पिल्लाच्या पोटाइतका ऊबदार. आणि तो काही करत नव्हता. वाट बघत होता. मी दिवसातून साठ वेळा वाट बघते, तशी.

ओरडले नाही. माझ्या तोंडात माती गेली होती, म्हणजे मी गाल जमिनीवर दाबत असणार. मी हात सावकाश बाहेर काढला, पिशवीतून सव्वीसचं पिल्लू काढलं, मुठीत घेतलं आणि परत आत गेले. तो हात तिथेच होता.

मी पिल्लू त्यावर ठेवलं. बोटं मिटली. हळूच, दोन बोटं मानेच्या दोन बाजूंना, पिल्लू गुदमरणार नाही अशी. मला शिकवणाऱ्या बाईंनी मला पहिल्या दिवशी दाखवली होती, तीच पकड.

खोलीत गेले तेव्हा नवरा भांडी विसळत होता. मुलीने गणिताच्या पेपरात काय दिवे लावले ते तो सांगत होता. मी हात धुतले. पुन्हा धुतले.

"सव्वीस गेलं," मी म्हणाले.

"कळलं होतंच." त्याने वही ओढली आणि फुली मारली.

दुसऱ्या दिवशी, तो पूर्वेकडच्या कड्यावर पाण्याची टाकी बघायला गेला असताना, मी सत्तावीसमध्ये आणखी चार पिल्लं दिली. एकतीस, चौतीस, चाळीस, बावन्न. सगळी सत्तर ग्रॅमच्या खालची. शेवटचं देताना हात आधीच वळणापर्यंत पुढे आलेला होता.

तिसऱ्या दिवशी फेरी होती. आम्ही उताराच्या खालून सुरुवात केली. बावन्नपाशी नवरा खाली वाकला. "याच्या काड्या उभ्या आहेत. घाल हात, बघून टाकू."

रिकामं असणार हे मला माहीत होतं. मी हात घातला आणि उताणा केला.

पिल्लू वरून हातावर आलं.

"एकशे अठ्ठावीस," मी म्हणाले.

त्याने आकडा परत म्हटला नाही. "मागच्या वेळी अडुसष्ट होतं," तो म्हणाला. "तीन दिवसांत साठ? काड्या न पाडता?"

चाळीसमध्ये पिल्लू होतं. चौतीसमध्ये होतं. एकतीसमध्ये होतं. सगळ्यांच्या काड्या उभ्या. सव्वीसमध्ये, ज्याच्यापुढे त्याने फुली मारली होती, एकशे एकोणचाळीस ग्रॅमचं पिल्लू माझ्या हातावर उतरलं आणि डोळे मिचकावत त्याच्याकडे बघायला लागलं.

नवरा खाली बसला. "तू काय केलंस?"

मी सांगितलं. सांगताना मी गवताची एकेक काडी उपटत होते, ते मला त्याने हात धरला तेव्हा कळलं.

"किती दिलीस?"

"पाच."

"घेणारं कोण आहे हे माहीत नसताना?"

"मरत होती रे ती."

"मरत होती म्हणून?" तो ओरडला. लग्नाला तेरा वर्षं झाली होती, तो माझ्यावर कधी ओरडला नव्हता. वरचे दोन-तीन समुद्रपक्षी उडाले. मग तो उठला, कॅमेरा आणला, सत्तावीसच्या तोंडाशी मांडी घालून बसला आणि म्हणाला, "घाल हात. एकदाच. मला बघू दे. मग आपण दोघं मिळून काय ते ठरवू."

मी आडवी झाले. उजवा हात आत, डावा बाहेर, त्याच्या गुडघ्याशेजारी गवतावर टेकलेला. त्याने माझ्या दंडाशेजारून वायर सरकवली. पडदा त्याच्या मांडीवर होता. मला पडद्याची फक्त पाठ दिसत होती, आणि त्याचा चेहरा.

"तुझा हात दिसतोय," तो म्हणाला. "पिल्लू मागे आहे. हललेलं नाही."

मी हात उताणा केला.

"अजून काही नाही."

माझ्या बोटांना बोटं लागली.

तो बोलायचा थांबला.

त्याचा चेहरा मी बघत होते. त्याने पडद्याकडे पाहिलं. मग गवतावरच्या माझ्या डाव्या हाताकडे. मग पुन्हा पडद्याकडे. मग, अगदी सावकाश, त्याने स्वतःचा हात माझ्या डाव्या हातावर ठेवला आणि दाबून धरला.

"बाहेर काढ," तो म्हणाला. कुजबुजला म्हणायला हवं. "हिसका देऊ नकोस. हळू."

"काय आहे?"

"काढ आधी."

मी हात काढला. त्याने वायर ओढली नाही, कापली. कॅमेऱ्याचं टोक आतच राहिलं.

खोलीत आल्यावर त्याने फोन लावला आणि दोन दिवसांनी येणारी बोट आजच हवी म्हणून सांगितलं. पलीकडून काय विचारलं ठाऊक नाही, तो म्हणाला, "हो, तब्येत. माझी." सामान बांधताना त्याने मला काही उचलू दिलं नाही. स्टोव्हसमोरच्या खुर्चीत बसवलं आणि म्हणाला, "दोन्ही हात टेबलावर ठेव. मला दिसतील असे."

मी ठेवले. बराच वेळ तसेच ठेवले.

"आता सांग," मी म्हणाले.

तो पाठमोरा, वह्या बांधत होता. "मला तुझे दोन्ही हात दिसले. आत."

"डावा तर बाहेर होता. तूच धरला होतास."

"हो."

"मग दुसरा कुणाचा तरी असेल. किंवा माझ्याच हाताचं प्रतिबिंब, भिंगात वगैरे..."

तो वळला. "तेरा वर्षं बघतोय," तो म्हणाला. "माझ्या बायकोचा हात मला कळणार नाही?"

बोट आली. समुद्र उसळला होता, धक्क्यावरून उतरताना बोटवाल्याने आधारासाठी हात पुढे केला, उताणा, आणि मला तो घेता आला नाही. नवऱ्याने मला कमरेला धरून उतरवलं. मी मागे वळून पाहिलं तेव्हा पश्चिमेचा उतार उन्हात होता आणि त्यावरचे पांढरे आकडे अजून वाचता येत होते.

पुढच्या वर्षी आम्ही गेलो नाही. मी संस्थेत टेबलावरचं काम मागून घेतलं. नवरा आता शाळेत शिकवतो. तो विषय घरात निघत नाही. निघालाच तर तो उठून पाणी प्यायला जातो.

बेटाचं काम दुसऱ्या गावातल्या एका मुलीकडे गेलं. हुशार होती, आमची ओळख पत्रांपुरतीच, कधी भेट नाही. तिचे तक्ते दर पंधरवड्याला माझ्याच टेबलावर यायचे. मासा त्या वर्षीही नव्हता. किनाऱ्यावरच्या दुसऱ्या तीन वसाहतींत अर्धीअधिक पिल्लं मेली. तिच्या तक्त्यात बासष्टपैकी बासष्ट जिवंत. सगळ्यांच्या वाढीच्या रेषा मी एका कागदावर काढून पाहिल्या. बासष्ट रेषा काढल्या, कागदावर एकच दिसत होती. शेऱ्याच्या रकान्यात तिने लिहिलं होतं: 'पिल्लं अतिशय शांत. हाताळायला सोपी.'

मी तिला इशारा द्यायला हवा होता. तीन वेळा पत्र लिहायला घेतलं. काय लिहिणार? आणि खरं सांगायचं तर, बासष्ट जिवंत होती.

मग एका दुपारी तिचा फोन आला. मागे वारा घोंघावत होता.

"काम छान चाललंय, मॅडम," ती म्हणाली. "एक विचारायचं होतं. जरा खाजगी आहे, रागावू नका."

"विचार ना."

"तुमच्या डाव्या हाताची करंगळी कधी मोडली होती का?"

मोडली होती. सहावीत असताना, दारात सापडून. हाड वाकडंच जुळलं. मी डावा हात टेबलाखाली घेतला.

"नाही, म्हणजे," ती शांतपणे म्हणाली, "त्यातला एक हात माझा आहे, तो मी ओळखते. दुसरा कुणाचा, तेवढंच कळत नव्हतं."